परतीची वाट उघडी असेल तर

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अंदाजानुसार जगात ३० कोटी ४० लाख माणसं जन्मदेश सोडून दुसऱ्या देशात राहतात. आकडा मोठा वाटतो, पण जगाच्या लोकसंख्येत तो चार टक्केही भरत नाही. शंभरातली शहाण्णव माणसं जिथे जन्मली त्याच देशात आयुष्य काढतात. एकाच कामासाठी देशादेशांच्या मजुरीत चार-पाच पट, कुठे कुठे त्याहूनही जास्त फरक असताना हे चित्र आहे. त्यामुळे ‘लोक देश सोडून का जातात’ याइतकाच ‘एवढे थोडेच का जातात’ हा प्रश्नही विचारायला हवा. आपल्याकडच्या चर्चेत तो फारसा विचारला जात नाही.

युद्ध, छळ किंवा उपासमार यामुळे पळ काढावा लागलेल्यांचा विचार इथे केलेला नाही. त्यांना कुणी राजीखुशीचा प्रश्न विचारलेलाच नसतो. हा आढावा आहे तो थांबण्याचा पर्याय हाताशी असूनही सीमा ओलांडणाऱ्यांचा. त्यात कायमचे जाणारे आले, हंगामापुरते जाणारे आले आणि रोज सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतणारेही आले.

या विषयाची शास्त्रीय मांडणी १८८५ साली अर्न्स्ट रेव्हनस्टाइन या भूगोलतज्ज्ञाने ब्रिटनच्या जनगणनेवरून सुरू केली. बहुतेक लोक जवळच जातात आणि जाणाऱ्यांच्या प्रत्येक ओघाबरोबर परतणाऱ्यांचाही एक ओघ असतो, ही त्याची दोन निरीक्षणं आजही टिकून आहेत. पुढे १९६० नंतर अर्थशास्त्रज्ञांनी स्थलांतराला गुंतवणुकीचं गणित लावलं. तिकडचा पगार, तिथे काम मिळण्याची शक्यता आणि जाण्याचा खर्च यांची वजाबाकी करून माणूस ठरवतो, असं ते सांगू लागले. या गणितात माणूस एकटा होता. ती उणीव १९८५मध्ये ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी भरून काढली. निर्णय घरदार मिळून घेतं आणि घराला जास्त पैशांइतकीच जोखीम वाटून घेण्याची काळजी असते, असं त्यांनी मांडलं. कोकणातल्या माणसाला हे नवं नाही. एक मुलगा मुंबईला, एक आखातात आणि एक घरी आई-वडिलांपाशी, बागेपाशी. पाऊस गेला, गिरणी बंद पडली किंवा तिकडची नोकरी सुटली, तरी तिघांवरही एकाच वेळी संकट येत नाही. मनिऑर्डरवर चालणाऱ्या गावांनी हा विचार पुस्तकाशिवायच पक्का केला होता.

पण अगदी गरीब घराला ही विभागणी परवडत नाही. गरीब देशांतून सर्वाधिक लोक बाहेर पडतात ही समजूत आकडेवारी खोडून काढते. देशाचं उत्पन्न वाढू लागलं की बाहेर जाणाऱ्यांचं प्रमाण आधी वाढतं आणि क्रयशक्तीच्या हिशेबात दरडोई वार्षिक उत्पन्न साधारण दहा हजार डॉलरच्या आसपास पोचल्यावरच ते उतरू लागतं. विल्बर झेलिन्स्की यांनी १९७१मध्ये याची रूपरेषा दिली होती, मायकेल क्लेमेन्स यांनी ती आकड्यांनिशी दाखवली. कारण उघड आहे. जायला आधी पैसे लागतात, थोडं शिक्षण लागतं आणि जग कसं आहे याची कल्पना लागते. ‘गरीब देशांना मदत करा, म्हणजे तिथले लोक येणार नाहीत’ हे युरोपातल्या राजकारण्यांचं आवडतं वाक्य निदान एका पिढीपुरतं तरी खोटं ठरतं.

गरिबाला नेमकं काय अडवतं, याचा एक प्रयोग बांगलादेशात झाला. तो देशांतर्गत स्थलांतराचा होता, तरी त्याचा धडा सीमेपलीकडेही लागू पडतो. रंगपूर भागात भात कापणीला येण्याआधी दर वर्षी काही महिने ‘मोंगा’ येतो. तेव्हा गावात काम नसतं आणि चूल जेमतेम पेटते. शहरात काम असतं, तरी बरेच लोक जात नव्हते. २००८मध्ये ग्यारेथ ब्रायन, श्यामल चौधरी आणि मुश्फिक मोबारक यांनी काही कुटुंबांना ६०० टका देऊ केले. बसभाडं आणि दोन-तीन दिवसांचं जेवण भागेल एवढीच ती रक्कम होती. त्यामुळे शंभरांमागे आणखी २२ कुटुंबांतून कुणीतरी बाहेर पडलं. ज्या घरांतून कुणी गेलं तिथला खाण्यापिण्याचा खर्च सुमारे तीस टक्क्यांनी वाढला आणि पुढच्या वर्षी मदत नसतानाही त्यातले बरेच जण पुन्हा गेले. पैसे मिळतात हे लोकांना माहीत होतं. भीती होती ती रिकाम्या हाताने परतावं लागण्याची, कारण कडेलोटाशी उभ्या असलेल्या घराला एक बसभाडं वाया गेलेलंही सोसत नाही. पुढे हाच कार्यक्रम खूप मोठ्या प्रमाणावर राबवला तेव्हा तो अपेक्षेइतका चालला नाही आणि २०१९मध्ये बंद झाला. तेव्हा हा प्रयोग म्हणजे सर्वांवरचा उपाय नव्हे. मात्र अडथळा कुठे असतो ते त्याने स्पष्ट दाखवलं.

पैशानंतर येतो तो पलीकडचा माणूस. गोव्याचे तारवटी, म्हणजे जहाजांवर काम करणारे खलाशी आणि आचारी, एकोणिसाव्या शतकापासून मुंबईला येऊन बोटी धरत. धोबीतलाव आणि आसपासच्या भागात त्यांच्या गावांच्या ‘कुडी’ होत्या. काही अजूनही आहेत. प्रत्येक गावाची कूड वेगळी. भिंतीला लागून ओळीने पेट्या, झोपायला जागा, एका बाजूला वेदी आणि देखरेखीला बहुधा समुद्रावरून निवृत्त झालेला गावचाच कुणी. नवख्या पोराला तिथे फुकटात किंवा नाममात्र पैशांत राहायला मिळे, कुठल्या कंपनीची बोट कधी सुटते ते कळे आणि गावी पत्र पाठवायला एक पत्ता मिळे. पुढे आफ्रिका, कुवेत, लंडन असा गोवेकरांचा जो प्रवास झाला, त्याचा पहिला मुक्काम बऱ्याच वेळा ही कूडच असे. रत्नागिरीच्या मुस्लिम मोहल्ल्यांतून आखाताकडे जाणारी वाटही अशीच आधी गेलेल्या मामा-चुलत्यांनी पाडलेली आहे. एका गावातले दोनशे लोक कुवेतला आणि शेजारच्या गावातले कुणीच नाहीत, याचं कोडं मजुरीच्या आकड्यांतून सुटत नाही. पहिला कोण गेला आणि कुठे टिकला, यावरून सुटतं.

पलीकडचा माणूस सगळंच खरं सांगतो असं मात्र नाही. न्यूझीलंड काही पॅसिफिक देशांतल्या लोकांना सोडत काढून राहण्याचा परवाना देतं. टोंगा बेटांवर या सोडतीचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड मॅकेन्झी, जॉन गिब्सन आणि स्टीव्हन स्टिलमन यांना असं आढळलं की जाऊ इच्छिणारे लोक न्यूझीलंडमधली कमाई प्रत्यक्षाहून कमी धरून चालत होते. परदेशाची स्वप्नं फुगवून सांगितली जातात ही आपली समजूत, इथे ती उलटी निघाली. एक संभाव्य कारण असं की आधी गेलेले नातेवाईक पगार कमी सांगतात, खरा आकडा कळला तर पैशांची मागणी वाढेल म्हणून.

भारतातल्या लोकांना गाव का सोडवत नाही यावर कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी २०१६मध्ये दिलेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. इथे आजारपण, लग्न, दुष्काळ निभावतं ते भावकीच्या उधार-उसनवारीवर. कायमचा बाहेर गेलेला माणूस या व्यवहारातून हळूहळू गळतो, कारण त्याच्याकडून परतफेडीची खात्री उरत नाही. शहरातला वाढीव पगार या गमावलेल्या आधाराची भरपाई करत नसेल, तर थांबणंच शहाणपणाचं. न जाणाऱ्याला आळशी किंवा भित्रा म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

इथवरच्या साऱ्या कारणांना जोडणारा एक धागा मला दिसतो, आणि तो धोरण ठरवणारे सतत नजरेआड करतात. माणूस निघायला तयार होतो तो परत येता येईल या भरवशावर. आणि एकदा गेलेला माणूस कायमचा तिकडचा होतो तो बहुतेक वेळा ही वाट बंद होते म्हणून.

मेक्सिकोचं उदाहरण यात सर्वांत बोलकं आहे. विसाव्या शतकातला बराच काळ मेक्सिकन शेतमजूर हंगामाला कॅलिफोर्निया-टेक्सासात जात आणि सणासुदीला गावी परतत. १९४२ ते १९६४ हे कायदेशीर करारावर चाललं, नंतर बेकायदा, पण ये-जा तशीच राहिली. १९८६च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर आणि विशेषतः १९९३मध्ये एल पासो व १९९४मध्ये सॅन डिएगो इथे पहारा कडक झाल्यावर सीमा ओलांडणं महाग आणि जीवघेणं झालं. डग्लस मॅसी आणि होर्हे दुरांद यांनी दशकानुदशकं गावोगावी मुलाखती घेऊन दाखवलं की कडक पहाऱ्याने येणारे फारसे थांबले नाहीत, परतणारे थांबले. वाळवंटातून दुसऱ्यांदा कोण येणार? बायकामुलांनाच इकडे आणणं बरं, असं लोकांनी ठरवलं. अमेरिकेतल्या बिनपरवाना रहिवाशांची संख्या १९९०मध्ये ३५ लाखांच्या आसपास होती, ती २००७पर्यंत १ कोटी २० लाखांवर गेली.

जर्मनीतही हेच घडलं. १९५५पासून इटली, १९६१पासून तुर्कस्तान अशा देशांशी करार करून तिने ‘पाहुणे कामगार’ आणले. १९७३पर्यंत सुमारे १ कोटी ४० लाख आले आणि त्यांतले १ कोटी १० लाख परतही गेले. नोव्हेंबर १९७३मध्ये भरती बंद झाली. आता गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे तुर्की कामगारांना कळलं आणि त्यांनी कुटुंबं आणायला सुरुवात केली. इटालियन कामगारांना युरोपीय समुदायामुळे मोकळी ये-जा होती, त्यांचं जाणं-येणं चालू राहिलं. कारखाने तेच होते, मंदीही तीच होती. दरवाजा मात्र वेगळा होता.

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचे तीन शेजारी तर जणू या प्रश्नासाठीच मांडून ठेवलेले आहेत. ब्रिटिश गयाना १९६६मध्ये स्वतंत्र झाला. त्याआधीच १९६२पासून ब्रिटनने दार लोटायला सुरुवात केली होती, आणि गयानी लोक अमेरिका-कॅनडाकडे वळले. सुरिनाम नोव्हेंबर १९७५मध्ये स्वतंत्र झाला. त्या तारखेच्या आधी आणि पुढे १९८०मध्ये नेदरलँड्समध्ये स्थायिक होण्याच्या सवलतीची मुदत संपण्याआधी तिकडे जाणाऱ्यांची झुंबड उडाली, त्यांत गिरमिटिया भारतीयांचे वंशज मोठ्या संख्येने होते. फ्रेंच गयाना फ्रान्सचा भाग म्हणूनच राहिला. तिथल्या माणसाला कधीही पॅरिसला जाता येतं, आणि तुलनेने फारच थोडे गेले. ही तुलना अगदी निर्भेळ नाही, कारण फ्रेंच गयानाला फ्रान्सच्या सरकारी पगारांचा आणि योजनांचा आधार आहे. तरीही ‘दार उघडं ठेवलं तर सगळेच येतील’ या भीतीला इथे पुरावा सापडत नाही. युरोपीय संघात तर कुठेही जाऊन काम करण्याचा हक्क असूनही दुसऱ्या सदस्य देशात राहणारे नागरिक शंभरात तीन-चारच भरतात.

परतीची खात्री पूर्ण असेल तर काय होतं, हे रोज सीमा ओलांडणाऱ्यांत दिसतं. मलेशियाच्या जोहोर बारूहून सिंगापूरला जाणारा समुद्रावरचा रस्ता जेमतेम एक किलोमीटरचा. पहाटे चारच्या आधीच तिथे मोटारसायकलींचे लोंढे सुरू होतात. हेल्मेट, रेनकोट, छातीशी पासपोर्ट. दोन तपासण्या आणि मग आठच्या पाळीला कारखान्यात. पहाटे निघण्याचं कारण रस्त्याची लांबी नाही, रांग आहे. १९७३पर्यंत दोन्ही देशांचं चलन एकास एक बदलता येत असे. आज सिंगापूरच्या एका डॉलरला तीन रिंगिटहून जास्त मिळतात. कमाई डॉलरमध्ये आणि घरभाडं, भाजी, मुलांची शाळा रिंगिटमध्ये, या एका फरकासाठी तीनेक लाख मलेशियन रोज झोपमोड करून घेतात. सिंगापुरात खोली घेऊन राहणं त्यांतल्या अनेकांना शक्य असतं, पण मग डॉलरचा फायदाच उरत नाही आणि मुलं झोपायच्या आत घरी पोचता येत नाही.

हे गणित किती नाजूक आहे ते मार्च २०२०मध्ये कळलं. १६ तारखेच्या रात्री मलेशियाने जाहीर केलं की १८पासून सीमा बंद. घर निवडायचं की नोकरी, हे ठरवायला एका दिवसाहून थोडाच जास्त वेळ होता. हजारो जण बॅगा भरून सिंगापूरला गेले. जागा न मिळालेले काही क्रांजी स्थानकाच्या आसपास रस्त्यावर झोपले. दोन आठवड्यांची वाटलेली ती बंदी लांबतच गेली आणि सीमा खऱ्या अर्थाने मोकळी झाली ती १ एप्रिल २०२२ला. हाकेच्या अंतरावरची मुलं अनेकांनी वर्षवर्षभर फक्त फोनच्या पडद्यावर पाहिली. त्या रात्री सिंगापूरकडे निघालेल्यांना कुणी स्थलांतरित म्हटलं नसतं. सीमा बंद झाली आणि ते स्थलांतरित झाले.

लक्झेंबर्गमध्ये हाच प्रकार सुखवस्तू रूपात आहे. पावणेसात लाख वस्तीच्या या देशात फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून रोज सव्वादोन लाखांच्या आसपास लोक कामाला येतात. पगारी नोकरदारांत जवळपास निम्मे तेच. तिथली घरं इतकी महाग आहेत की लक्झेंबर्गचे काही नागरिकही आता पलीकडच्या जर्मन गावांत राहून स्वतःच्याच देशात कामाला येतात. घरून काम किती दिवस करायचं यावर तिथे नोकऱ्या ठरतात, कारण ठरावीक मर्यादेपलीकडे दिवस गेले की कर आणि सामाजिक विमा दुसऱ्या देशाकडे वळतो. २०२३च्या करारान्वये निम्म्याहून कमी वेळ घरून काम केलं तर विमा नोकरीच्याच देशात राहू शकतो. आपल्याला हे रूक्ष वाटेल, पण मेट्झ किंवा ट्रियरमधल्या कुटुंबात जेवणाच्या टेबलावर याच गोष्टी बोलल्या जातात.

कोपनहेगन आणि माल्मो यांना जोडणारा पूल २००० साली खुला झाला. अनेक डॅनिश लोक स्वस्त घरासाठी स्वीडनला राहायला गेले आणि कामाला रोज परत येऊ लागले. जानेवारी २०१६मध्ये निर्वासितांच्या प्रश्नावरून स्वीडनने ओळखपत्रं तपासायला सुरुवात केली आणि मधल्या स्थानकात उतरून रांगेत उभं राहणं भाग पडलं. अर्ध्या-पाऊण तासाचा तो वाढीव वेळ अनेकांना पेलला नाही. काहींनी नोकरी बदलली, काहींनी घर. रोजच्या लांब प्रवासाचा त्रास वाढीव पगाराने पुरता भरून निघत नाही, हे ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर यांनी जर्मनीच्या आकडेवारीवरून दाखवलं आहे. कर्जत-कसाऱ्याहून रोज मुंबई गाठणाऱ्यांना ते आकड्यांशिवाय कळतं.

आपल्या किनाऱ्यावरही एक उघडी सीमा काम करते आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार नौकांवर आणि आसपासच्या हापूसच्या बागांत नेपाळी कामगार मोठ्या संख्येने आहेत. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. जून-जुलैत मासेमारीबंदी लागली की खलाशी गावी जातात आणि हंगाम सुरू झाला की परत येतात. बागेतला राखणदार आई आजारी असल्याचा फोन आला तर उद्याची गाडी पकडू शकतो. त्याच तालुक्यातल्या घरचा मुलगा आखातात असतो, आणि त्याला आईच्या आजारपणात यायचं तर आधी मालकाची मर्जी सांभाळावी लागते. कफाला पद्धतीत कामगाराचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. पासपोर्ट काढून घेणं बेकायदा असूनही तो सर्रास काढून घेतला जातो. कतारने २०१८मध्ये बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवानगीची अट काढली. सुधारणा होत आहेत, पण संथ.

शिवाय वाट बंद करायला पहारेकरीच लागतो असं नाही, कर्जही पुरतं. भारतात नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर घेता येतो. प्रत्यक्षात मधल्या दलालांच्या हाती लाख-दीड लाख देऊन निघालेला माणूस कर्ज फिटेपर्यंत परतूच शकत नाही, मग तिकडे पगार ठरल्यापेक्षा कमी निघो वा राहायची जागा कोंडवाड्यासारखी असो. मला वाटतं, आखातातल्या शोषणाची पहिली गाठ इथे, आपल्याच बाजारपेठेच्या गावात बांधली जाते.

गोव्यात वेगळाच पेच आहे. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व नोंदवता येतं. हजारो गोवेकरांनी ते घेतलं आणि त्या पासपोर्टवर ब्रिटन गाठलं. स्विंडनसारख्या गावात त्यांची मोठी वस्ती झाली. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे एक पासपोर्ट घेताना दुसरा सोडावा लागतो. या निर्णयाला लोक धजले त्याचं एक कारण म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड. मतदानाचा हक्क गेला, तरी आईच्या घरी येता येईल, हवं तितकं राहता येईल. ब्रेक्झिटमुळे २०२०च्या अखेरीस ब्रिटनची मोकळी ये-जा संपली तेव्हा मुदतीआधी पोचण्याची घाई गोव्यातही झाली. सुरिनाममध्ये घडलं तेच.

अमेरिकेतल्या मराठी अभियंत्यांच्या घरांतही ही भीती शिकलेल्या रूपात राहते. व्हिसाचा शिक्का मिळेल की नाही या धास्तीने वडिलांच्या अंत्यविधीला न आलेली मुलं आता जवळपास प्रत्येक सोसायटीत आहेत. १९ सप्टेंबर २०२५ला एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी बाहेर असलेल्या कर्मचाऱ्यांना चोवीस तासांत परतायला सांगितलं. जुन्या व्हिसाधारकांना शुल्क लागू नाही हा खुलासा नंतर आला. शिवाय अमेरिकेचा भारताशी सामाजिक सुरक्षेचा करार नाही. आठ-नऊ वर्षं पगारातून पैसे कापले गेले आणि दहा वर्षांची अट पुरी होण्याआधी माणूस परतला, तर निवृत्तिवेतनाचा हक्क मिळत नाही. परतायचं मनात असलेला माणूस मग ‘अजून दोन वर्षं’ म्हणून थांबतो.

जर्मनीशी भारताचा असा करार २०१७पासून अमलात आहे. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा सामंजस्य करार केला, तेव्हा चर्चा झाली ती दहा हजार नोकऱ्यांच्या आकड्याची. परतीच्या अटींची चर्चा माझ्या तरी वाचनात आली नाही. जर्मनीत कायम वास्तव्याचा परवाना मिळालेला माणूस सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिला, तर सर्वसाधारणपणे तो परवाना आपोआप रद्द होतो. युरोपीय संघाचं ‘निळं कार्ड’, म्हणजे उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना, असलेल्यांना ही मुदत बारा महिन्यांची आहे. साताऱ्यातल्या आईच्या पक्षाघातानंतर आठ महिने तिच्याजवळ राहिलेल्या परिचारिकेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू शकते. निघण्याआधी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज केला, तर मुदत वाढवून मिळू शकते, पण त्यासाठी तशी सोय आहे हे आधी माहीत हवं. हा कायदा जर्मन संघराज्याचा असल्याने तो बदलून घेण्याचं काम मुंबईचं नाही, दिल्लीचं आहे. मुंबईला एवढं मात्र नक्की करता येईल की जर्मन शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात पहिल्याच महिन्यात हा नियम आणि तो अर्ज मराठीतून समजावून सांगितला जाईल.